चार वर्षांचा मुलगा भरती आहे, पांढरा कोट दिसला की किंचाळतो. पलंगावरच्या पलंगावर कसं खेळवायचं?

छोटूची_आई
नमस्कार सगळ्यांना, एका हाताने टाइप करतेय, दुसऱ्या हातावर चिरंजीव झोपलेत, तेव्हा चुका समजून घ्या. मुलगा चार वर्षांचा. सकाळी डोळे सुजून यायचे, आम्हाला वाटलं अ‍ॅलर्जी असेल, मग पायही सुजले आणि पोट टम्म झालं, लघवीत प्रोटीन निघालं आणि नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे किडनीचा आजार, सांगितलं. इथे इंदूरलाच एका प्रायव्हेटमध्ये भरती आहोत, आठवडा उलटून गेलाय. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू आहेत, मध्ये अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनचं सलाइन झालं. डॉक्टर म्हणतात की या वयात हा आजार बघायला मिळतो आणि बहुतेक मुलं गोळ्यांना चांगला प्रतिसाद देतात, त्यामुळे आजाराचं टेन्शन आता थोडं कमी झालंय. प्रश्न वेगळाच आहे.

पोरगा पार बदललाय. पांढरा कोट दिसला की किंचाळायला लागतो, कोट नसलेल्या फरशी पुसणाऱ्या मावशींनासुद्धा घाबरतो, सकाळी बाटलीत सू करायची म्हटली की लाथा मारतो, बाबा आले की तोंड फिरवून बसतो. घरी दीड वर्षापूर्वी सोडलेला अंगठा परत तोंडात गेलाय. नातेवाईक खेळणी आणून राहिलेत, रिमोटची गाडी काय, विमान काय, बघत पण नाही. दिवसभर मोबाइल, आणि मोबाइल काढून घेतला की सगळा वॉर्ड गोळा होईल असं रडणं. त्यात मीठ बंद, म्हणजे आमच्या पोह्यांवरची सेव बंद, आणि इंदूरच्या पोराची सेव बंद करणं काय असतं ते तुम्हाला माहितीच आहे. काल मला विचारतो, आई मी सेव खूप खाल्ली म्हणून मला सुई टोचतात का गं. मला काही बोलताच आलं नाही.

शेजारच्या पलंगाच्या ताई म्हणाल्या त्याच्याशी डॉक्टर डॉक्टर खेळा, भीती जाते. पण इथे खेळायची खोली वगैरे काही नाही, डाव्या हाताला सलाइनसाठी फळी बांधलेली, पलंगावरून उतरायचं नाही. नक्की काय खेळू? आणि असल्या खेळाने खरंच काही होतं का, की नुसता टाइमपास?

सिस्टर_परदेशीपुरा
अगं बाळा, मी मुलांच्या वॉर्डातच म्हातारी झाले, आता रिटायर आहे, म्हणून जरा अधिकाराने लिहिते. पहिलं म्हणजे ही चिडचिड सगळी त्याच्या स्वभावाची समजू नकोस, स्टेरॉइडने मुलं चिडतात, रडतात, भूक भूक करतात, झोप बिघडते, हे आम्ही रोज बघायचो. गोळी मात्र स्वतःच्या मनाने कमी करू नका हं, डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता खेळ. महागाची खेळणी बाजूला ठेव. सिस्टरकडे सुई नसलेली नवी सिरिंज माग, थोडा कापूस, चिकटपट्टी, एक बँडेजचा रोल, जुना मास्क नको नवा दे. घरचा एखादा कापडी हत्ती, अस्वल, जे त्याचं आवडतं असेल ते गरम पाण्यात धुऊन, कडक वाळवून आण. आणि डॉक्टर त्याला होऊ दे. बहुतेक घरात इथेच गाडं अडतं बघ, आई डॉक्टर होते आणि पोराला परत पेशंट करते! अगं तो दिवसभर पेशंटच आहे की. त्याला हत्तीच्या हाताला फळी बांधू दे, सलाइन लावू दे, तू फक्त मदतनीस, तो सांगेल तसं पट्टी कापून द्यायची. खरा स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तमच, चांगली सिस्टर असेल तर पाच मिनिटं देते, मी द्यायचे.

सिरिंजने रंग पण उडवता येतो. पाण्यात जरा हळद कालव, बीटाचं पाणी कर, सिरिंजमध्ये भर आणि जुन्या वर्तमानपत्रावर पिचकारी. रंगपंचमीच की! चादर खराब होते म्हणून वॉर्डबॉय ओरडेल, खाली प्लास्टिक टाक. ज्या वस्तूला घाबरायचा तिच्यातून पिवळं फूल निघतं म्हटल्यावर पोरं ती हातात धरायला लागतात, हे मी कितीदा पाहिलंय.

सुईच्या वेळेला वेगळं करायचं. त्याला पलंगावर आडवं पाडून चौघांनी धरू देऊ नकोस, आडवं पाडलं की मुलं जास्त घाबरतात. तू खुर्चीवर बस, त्याला मांडीवर तुझ्याकडे तोंड करून घट्ट मिठीत घे, एक हात बाहेर. बहुतेक सिस्टर ऐकतात, विचारून बघ. साबणाच्या पाण्याचे फुगे उडवायचं डबडं ठेव, ऐन टोचायच्या क्षणी लांब फुंकर मारायला सांग, लांब श्वास सोडताना अंग सैल पडतं आणि लक्षही फुग्याकडे जातं. बधिर करायची क्रीम मिळते, ती साधारण तासभर आधी लावावी लागते, ती पण विचार. आणि उजव्या हाताने खेळतो ना, मग पुढची सुई लागली तरी डाव्यातच लावा म्हणून सांगायचं, नाहीतर खेळणारा हातच फळीत अडकतो.

"नाही दुखणार हं" असं मात्र कधी म्हणू नकोस. टुचकन लागेल, मग संपेल, तू रडलास तरी चालेल. चार वर्षांच्याला आदल्या दिवशी सांगायचं नाही, रात्रभर घाबरत बसतो, थोडंसं आधी सांगायचं.

बंटी_राजेंद्रनगर
ताई काळजी करू नका. माझी मुलगी थॅलेसेमियाची आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढतं, सकाळी जातो दुपार होते, त्यामुळे आपण या विषयात पीएचडी आहोत भिया 😅. मी सरळ सांगतो, मोबाइलला लोक उगाच शिव्या घालतात. सुई लावताना तिच्या आवडीचं कार्टून लावतो, सुई लागलेली कळतसुद्धा नाही. बाकी हत्ती बित्ती ठीक आहे पण ज्या बापाला एका हाताने ऑफिसचे फोन घ्यायचेत त्याने काय करायचं? आणि प्रत्येक दवाखान्यात सिस्टर इतकी प्रेमळ नसते, आम्हाला एका ठिकाणी सिरिंज मागितली तर "ये कोई खिलौना है क्या" ऐकायला मिळालं.

काका_नारायणबाग
आमच्या वेळी भरती झालं की आईवडिलांना संध्याकाळी एक तास भेटायला मिळायचं. मुलं पहिले दोन दिवस रडायची, मग आपोआप शांत व्हायची. आता चोवीस तास आई उशाशी आणि वर खेळ पाहिजेत. लाडाने मुलं बिघडतात असं माझं स्पष्ट मत आहे. राग नसावा.

बालवाडीवाली
काका, राग नाही, पण ते "आपोआप शांत" म्हणजे काय होतं तेच सांगते. मी बडोद्याला एम.एस. युनिव्हर्सिटीत बालविकास शिकले, लग्नानंतर इंदूरला, आता बालवाडी चालवते. आम्हाला हे पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. इंग्लंडात पण तेव्हा असंच होतं, आईबापांना ठरल्या वेळेपुरतं आत सोडायचे आणि नर्सेस म्हणायच्या, मुलं रुळतात हो. जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसाने १९५२ मध्ये ऑपरेशनसाठी आठ दिवस भरती झालेल्या अडीच वर्षांच्या मुलीची फिल्मच काढली, आणि लोकांना दिसलं की पोरगी रुळलेली नाही, तिने आशा सोडलीय. आधी आकांत, मग गप्प उदास, आणि जास्त दिवस गेले तर आई आली तरी अनोळखी असल्यासारखं तोंड फिरवणं. डॉक्टर मंडळी आधी खवळली होती त्या फिल्मवर. पण १९५९ मध्ये तिथे सरकारी समितीचा प्लॅट अहवाल आला, त्यात आईवडिलांना कधीही भेटू द्या आणि मुलांना वॉर्डात खेळायची, शिकायची सोय करा असं आलं. अमेरिकेत १९५५ च्या सुमाराला क्लीव्हलँडला एमा प्लँक यांनी दवाखान्यातल्या मुलांसाठी खेळाचा, शिक्षणाचा विभागच सुरू केला, तिकडे आता चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट नावाची पगारी माणसं असतात, त्यांचं कामच हे. आपल्याकडे अजून फार थोड्या ठिकाणी असं माणूस मिळतं, म्हणून ते काम आईच्या अंगावर पडतं. सरकारने २०२१ मध्ये मुस्कान नावाचा उपक्रम आणला खरा, सरकारी दवाखान्यातले मुलांचे विभाग मुलांना सोसतील असे करायचे म्हणून, पण भिंतीवर छोटा हत्ती रंगवला की काम झालं असं समजणारे पण आहेत.

तर छोटूची आई, बाबा आल्यावर तो तोंड फिरवतो ना, तो राग आहे, "तू का जातोस रोज" असा. बाबांनी मनावर घेऊ नये आणि गुपचूप सटकूही नये, झोपला की निघून जायचं हे तर अजिबात नको. जाताना स्वतःची एखादी वस्तू, रुमाल, किल्लीची चेन त्याच्या ताब्यात द्यायची, उद्या परत घ्यायला येतो सांगून, आणि यायचंच.

बंटीदादा, मोबाइलवर माझं भांडण नाही. सुईच्या त्या मिनिटाला लक्ष दुसरीकडे नेलं की दुखणं कमी जाणवतं याला अभ्यासांचा आधार आहे, कॉक्रेन म्हणून वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था आहे, तिच्या आढाव्यातही ते आहे, पुरावा फार भक्कम नाही म्हणतात पण आहे. तेवढ्यापुरता मोबाइल जरूर वापरा. पण मोबाइल विसरायला लावतो हो, बोलायला लावत नाही. सुई झाल्यावर जे मनात साचतं ते बाहेर यायला पोराच्या स्वतःच्या हातात काहीतरी लागतं, माती, रंग, बाहुली, फाडायला कागद. बघा ना, त्याच्या आजूबाजूचं सगळं दुसरे ठरवतात, कधी उठायचं, कधी टोचायचं, काय खायचं, सू कशात करायची ते पण. खेळात तेवढा वेळ तो ठरवतो. म्हणून नवीन रिमोटच्या गाडीत त्याला रस नाही, त्या गाडीत त्याचं काहीच नाही.

आणि तो सेवेचा प्रश्न. या वयात मुलांना आजार म्हणजे शिक्षाच वाटते, मी काहीतरी वाईट केलं म्हणून झालं. त्यात आपण घरी "हट्ट केलास तर डॉक्टर सुई देतील" म्हणत असतो. ते वाक्य घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबांनासुद्धा, बंद करायला लावा. त्याला स्वच्छ सांगा, सेव खाल्ल्याने हे झालं नाही, कुणाच्याच चुकीने झालं नाही. चहाची गाळणी मागवा आणि दाखवा, पोटात अशा दोन गाळण्या आहेत, त्यांची भोकं जरा ढिली झालीत म्हणून अंगातली चांगली वस्तू सूमधून निघून जातेय, गोळ्या ती भोकं नीट करतात. मीठ का नाही, तर मिठाने पाणी अंगात साठतं आणि सूज वाढते, सूज गेली की डॉक्टर सांगतील तेव्हा बघू. एवढं चार वर्षांच्याला कळतं, पुन्हा पुन्हा विचारेल, पुन्हा पुन्हा सांगायचं.

छोटूची_आई
तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, काय बोलू. दोन दिवस करून बघितलं, म्हणून परत आले.

बाबांचा रुमाल उशीखाली आहे, काल बाबा आल्यावर स्वतःहून काढून दिला. पिचकारीचा खेळ तुफान चालला, एक सिस्टर आधी कपाळाला आठ्या घालून बघत होत्या, नंतर त्यांनीच दोन जास्तीच्या सिरिंजा आणून दिल्या. शेजारच्या पलंगावरची मुलगी पण आपल्या पलंगावरून पिचकारी मारते.

पण एक झालं त्याने मी घाबरलेय. हत्तीला सुई देताना तो इतका जोरात टोचतो, हत्तीला दाबून धरतो आणि ओरडतो "सेव खाल्लीस ना? घे आता! रडू नको! गप्प!" परत परत तेच. पंधरावीस वेळा झालं असेल. सासूबाई म्हणाल्या हे काय शिकवलंस त्याला, हिंसक होईल पोरगा. थांबवू का?

बालवाडीवाली
नका थांबवू! यासाठीच तर तो खेळ आहे. त्याला जसं धरलं, जे ऐकवलं ते तो हत्तीवर काढतोय, आणि "रडू नको गप्प" हे त्याला कुणीतरी म्हटलंय हे पण तुम्हाला कळलं, एरवी कळलं नसतं. परत परत करणं हे चांगलंच आहे, मुलं असंच पचवतात. सासूबाईंना सांगा हत्तीला लागत नाही. मर्यादा एवढीच की खऱ्या माणसाला, स्वतःला लागेल असं नाही करायचं, आणि हातातलं सलाइन ओढायचं नाही.

तुम्ही लगेच "असं नाही रे बोलायचं" म्हणून शिकवायला जाऊ नका. हत्तीची आई व्हा. हत्तीच्या बाजूने बोला, "डॉक्टर, माझा हत्ती घाबरलाय, मी त्याला मांडीवर घेऊ का?" बघा काय म्हणतो. मग एकदोन फेऱ्यांनंतर हळूच विचारा, "डॉक्टर, हत्तीने सेव खाल्ली म्हणून सुई आहे का?" उत्तर त्याला देऊ द्या. नाही म्हणाला तर उत्तमच, हो म्हणाला तर गाळणी आहेच पलंगावर.

फक्त एक बघा. खेळता खेळता तो आणखी घट्ट होत चालला, चेहरा दगड, खेळ कितीही झाला तरी मोकळं वाटतच नाही, किंवा जेवणखाणं, झोप पार गेली, तर डॉक्टरांना सांगून मुलांच्या मानसोपचारवाल्यांचा सल्ला घ्या. ते आईने एकटीने निस्तरायचं काम नाही.

सिस्टर_परदेशीपुरा
बरोबर बोलल्या बाई. आणि सूच्या बाटलीचं राहिलं होतं. सकाळी पट्टी बुडवून प्रोटीन बघतात ना, ती पट्टी पिवळी राहिली तर प्रोटीन नाही आणि जितकी हिरवी तितकं जास्त. घरी गेल्यावर पण तुम्हाला रोज ते बघून वहीत लिहायला सांगतील. त्याच्यासाठी चौकटी आखलेला कागद कर, खजुरी बाजारातून चार खडू मागव, पिवळा आणि दोनतीन हिरवे. पट्टी त्याने बघायची, रंग त्याने भरायचा. लॅबचा साहेब तो. फक्त हिरवं आलं तर "अरेरे" म्हणून तोंड पाडू नकोस, नाहीतर परत त्याला वाटेल माझीच चूक.

गोटीची_आजी
आमच्या नातवाच्या मांडीचं हाड मोडलं होतं, कमरेपासून प्लास्टर, हलायचं नाही. त्याला कचरागाडीचं वेड! पलंगाच्या कठड्याला चार रिकामे खोके बांधले, ओला, सुका, वगैरे, आणि रोज सकाळी गाडीचं गाणं स्वतःच म्हणत सगळ्या वॉर्डाचा कचरा मागायचा, बिस्किटांचे कागद, केळ्याची सालं. डॉक्टर राउंडला आले की त्यांच्याकडूनपण कागद घ्यायचा, मगच तपासू द्यायचा 😄 इंदूरचं पोर ते. मोठ्या डॉक्टरांनी मुद्दाम खिशात चॉकलेटचा कागद ठेवायला सुरुवात केली होती.

सिस्टर_परदेशीपुरा
आजी मस्त!! फक्त वॉर्डातले खरे पिवळे, लाल, निळे डबे आणि पांढरा सुयांचा डबा, त्याच्या जवळपासही पोराला फिरकू द्यायचं नाही, आणि खेळ झाला की हात साबणाने. छोटूच्या आईने तर जास्तच बघायचं, स्टेरॉइडवर इन्फेक्शन लवकर होतं, दुसऱ्याच्या तोंडातला कागद नको, प्रत्येकाची खेळणी वेगळी, प्लास्टिकची रोज पुसायची. आणि वॉर्डात किंवा ओळखीत कुणाला कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांग, थांबू नकोस. रबराचे फुगे लहान मुलांच्या हातात नकोत, फुटलेला तुकडा घशात जातो. कणकेचे गोळे खेळायला चालतील पण तोंडात घालत असेल तर नको.

बंटी_राजेंद्रनगर
वरचं वाचून काल लेकीसोबत ट्राय केलं, रक्ताची पिशवी चढतेय तोवर तिने बाहुलीला बीटाच्या पाण्याचं रक्त चढवलं. मधेच बाहुलीला विचारते "थंडी वाजतेय का गं, चादर देऊ?" तिला रक्त चढताना थंडी वाजते हे आम्हाला आजपर्यंत बोलली नव्हती, लगेच सिस्टरला बोलावून सांगितलं, त्यांनी ताप बघितला, नव्हता, दुसरी चादर दिली. मोबाइल होता बरं का, शेवटच्या एका तासाला 😛

छोटूची_आई
आज सुट्टी द्यायचं चाललंय! सूज बरीच उतरली. एक शेवटचं विचारते. घरी गेल्यावर हे सगळं सामान, सिरिंजा वगैरे फेकून देऊ ना? दवाखान्याची आठवण नको म्हणून नवरा म्हणतोय सगळं इथेच सोडून जाऊ.

बालवाडीवाली
नका सोडू. घरी गेल्यावर आठवडा-दोन आठवडे रात्री दचकेल, तुमच्या पदराला चिकटून राहील, चड्डीत सू होईल, हे बऱ्याच मुलांचं होतं, ओरडायचं नाही. तेव्हाच तो हत्तीला परत भरती करेल. सामान एका डब्यात, त्याचा हात पोचेल अशा ठिकाणी ठेवा, तुम्ही काढून देऊ नका, त्याला वाटलं तर तो काढेल. आणि फॉलोअपला जाताना हत्ती बरोबर न्या, डॉक्टरांना आधी हत्तीला तपासायला सांगा.

काका_नारायणबाग
माझ्याकडे जुना पण चालू स्टेथोस्कोप पडून आहे, आमच्या थोरल्याचा, तो आता अमेरिकेत डॉक्टर आहे. छोटूला हवा असेल तर मेसेज करा, राजवाड्यापर्यंत आणून देतो.

छोटूची_आई
काका, हो! मेसेज केलाय.